खेळातली टॉमीगन

कानपुरास बदली होऊन येणाऱ्या मराठी माणसाला हे शहर प्रथम दिसते ते चामड्याचे आणि बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या धुरांड्यांचे. हे बंदुकांचेही गाव आहे, हे त्याला जरा उशिराने कळते. आपल्या जवानांच्या आणि पोलिसांच्या हाती वर्षानुवर्षे दिसलेली नऊ मिलिमीटरची कार्बाइन येथील काल्पी रस्त्यावरच्या सरकारी कारखान्यात तयार झाली. आमचे कचेरीतले काम मात्र कागदांचे. बंदुकीशी आमचा संबंध आला तर तो फाटकावरच्या पहारेकऱ्याला नमस्कार करण्यापुरता. त्यामुळे इंग्लंडात शिकत असलेल्या माझ्या भाच्याने एके रात्री फोनवर, "मामा, थॉम्प्सन घेऊ, स्टेन घेऊ, की जर्मनांची घेऊ?" असे विचारले, तेव्हा माझ्या छातीत धस्स झाले.

खुलासा लगेच झाला. तो 'एअरसॉफ्ट' नावाच्या खेळाविषयी बोलत होता. या खेळातील बंदुका दिसायला हुबेहूब खऱ्या असतात. परंतु त्यांतून सुटतो तो सहा मिलिमीटर व्यासाचा प्लॅस्टिकचा छर्रा. त्याचे वजन बहुधा ग्रॅमचा पाचवा हिस्सा असते. बंदुकीच्या पोटात लहानशी मोटर असते. ती दातेरी चक्रांच्या साह्याने स्प्रिंग दाबते, स्प्रिंग सुटली की दट्ट्या हवा ढकलतो आणि हवा छर्ऱ्याला. खाजगी बंदुकीवर १९५८ च्या कायद्याने कडक निर्बंध असलेल्या जपानात हा खेळ वाढीला लागला आणि १९९१ साली तोक्यो मारुई या कंपनीने विजेवर चालणारी बंदूक काढल्यावर तो जगभर पसरला. ज्याला छर्रा लागतो त्याने आपण होऊन हात वर करावा आणि बाहेर व्हावे, एवढ्या प्रामाणिकपणावर सारा खेळ उभा आहे. भाच्याचा गट दुसऱ्या महायुद्धातील लढायांचे प्रसंग रचून खेळतो, म्हणून त्याला त्या काळच्या सबमशीनगनची प्रतिकृती हवी होती.

युद्धाचा असा खेळ करावा काय, हा प्रश्न माझ्या मनात प्रथम आला. परंतु आपणही लहानपणी दिवाळीत मातीचे किल्ले केले आणि त्यांवर मावळे उभे केले, हे आठवून मी तो बाजूला ठेवला. दुसरा प्रश्न मात्र तसा सुटेना. प्रतिकृती घ्यायची ती नेमकी कशाची? त्यासाठी मूळ बंदुकीचे चरित्र ठाऊक असावयास हवे. फावल्या वेळात मी ते वाचू लागलो आणि जे हाती लागले ते येथे मांडीत आहे.

पहिल्या महायुद्धातील खंदकांत लांब रायफल अडचणीची ठरली आणि मशीनगन एका माणसाला उचलून धावता येण्याजोगी नव्हती. या दोहोंच्या मधली जागा भरण्यासाठी पिस्तुलाची गोळी झपाट्याने झाडणारे, एकट्या सैनिकाला पेलणारे हत्यार निर्माण झाले. जर्मनांनी १९१८ मध्ये असे हत्यार रणांगणावर आणलेही. त्याच सुमारास अमेरिकेत जॉन थॉम्प्सन हे निवृत्त सेनाधिकारी खंदक झाडून काढणारा 'केरसुणा' तयार करण्याच्या खटपटीत होते. त्यांचे हत्यार युरोपास पोहोचण्यापूर्वीच युद्ध संपले. 'सबमशीनगन' हे नाव त्यांच्याच बंदुकीच्या निमित्ताने रूढ झाले. १९२१ साली कोल्ट कारखान्यातून १५,००० थॉम्प्सन तयार होऊन आल्या. परंतु शांततेच्या काळात सुमारे २०० डॉलर मोजून त्या घेणार कोण? सैन्याने पाठ फिरवली. शिकागोच्या गुंडांनी मात्र फिरवली नाही. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी तेथे सात जणांना भिंतीशी उभे करून मारण्यात आले, त्यात या बंदुका होत्या. १९३४ मध्ये अमेरिकन सरकारने अशा हत्यारांच्या हस्तांतरावर २०० डॉलरचा कर बसवला; बंदुकीच्या किमतीएवढाच कर! सैनिकासाठी केलेली वस्तू गुंडाच्या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि तिच्या जनकाच्या मनाला ते लागून राहिले असल्यास नवल नाही. थॉम्प्सन १९४० च्या जूनमध्ये वारले. त्याच महिन्यात फ्रान्स पडला आणि त्यांच्या बंदुकीचे दिवस खऱ्या अर्थाने सुरू झाले. युद्ध संपेपर्यंत तिच्या पंधरा लाखांच्या वर प्रती निघाल्या.

डंकर्कहून परतलेल्या ब्रिटिश सैन्यापाशी शस्त्रे उरली नव्हती आणि थॉम्प्सन महाग होती. तेव्हा १९४१ मध्ये शेफर्ड आणि टर्पिन या दोघांनी एन्फील्ड येथे पत्रा, नळी आणि स्प्रिंग यांची एक ओबडधोबड बंदूक सिद्ध केली. दोघांच्या नावांची आद्याक्षरे आणि एन्फील्डची पहिली दोन अक्षरे मिळून 'स्टेन' हा शब्द झाला. आपल्याकडील वर्तमानपत्रांमुळे तो मराठीतही घरचा होऊन गेला आहे. या बंदुकीच्या जवळजवळ चाळीस लाख प्रती निघाल्या. त्यांतील तिसऱ्या नमुन्याच्या आठ लाखांहून अधिक बंदुका ज्या कारखान्याने केल्या तो लाइन्स ब्रदर्सचा, म्हणजे मुलांची खेळणी करणारा होता! पत्र्याच्या मोटारी ठोकणाऱ्या यंत्रांखाली युद्धकाळात बंदुका तयार होऊ लागल्या. आज नेमके उलट घडत आहे. खेळण्यांच्या कारखान्याने खरी बंदूक केली, तिचेच पुढे खेळणे झाले.

स्वस्ताईची किंमत स्टेनने घेतलीच. तिचे मॅगझिन डावीकडे आडवे बाहेर येते. त्यात ३२ गोळ्या मावत, तरी अनुभवी सैनिक दोन-तीन कमीच भरीत, कारण दोन रांगांतल्या गोळ्या शेवटी एका तोंडातून वर येताना अडकत. मॅगझिन मुठीत धरून गोळी झाडली तर ते हलून अडकण्याचा संभव आणखी वाढे. २७ मे १९४२ रोजी प्राग शहरातील एका वळणावर योसेफ गाब्चिक हा स्लोव्हाक सैनिक हायड्रिख या क्रूर नाझी अधिकाऱ्याच्या मोटारीसमोर स्टेन रोखून उभा राहिला, चाप ओढला, आणि बंदूक उडालीच नाही. त्याचा सहकारी कुबिश याने बॉम्ब फेकला म्हणून काम झाले. ४ जूनला हायड्रिख मेला आणि त्याचा सूड म्हणून जर्मनांनी लिदित्से हे गावच नकाशावरून पुसून टाकले. एका अडकलेल्या चापामागे केवढा इतिहास उभा आहे!

भाच्याच्या यादीतील तिसरी, जर्मनांची एम. पी. ४०. तिला दोस्त सैनिक 'श्मायसर' म्हणत. पण ह्यूगो श्मायसर यांनी ती योजिलेली नव्हती. ती एर्फुर्टच्या एर्मा कारखान्यातील, हाइन्रिख फोल्मर यांच्या आराखड्यांवर आधारलेली. चित्रपटांत प्रत्येक जर्मन सैनिकाच्या हाती ती दिसते; वास्तविक बहुसंख्य जर्मन पायदळाच्या हाती अखेरपर्यंत साधी बोल्टची रायफलच होती. चित्रपट पाहून प्रतिकृती निवडणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे.

एवढे वाचून झाल्यावर मी भाच्याला पहिला सल्ला दिला तो असा: आधी बंदूक निवडू नकोस, आधी सैनिक निवड. कोणते साल, कोणती आघाडी, कोणती पलटण, हे ठरले की बंदूक आपोआप ठरते. स्टेनचाच लाकडी दस्त्याचा पाचवा नमुना १९४४ च्या आर्नेमला शोभेल, १९४२ च्या प्रसंगात तो विसंगत दिसेल. थॉम्प्सनचेही तसेच. पुढची उभी मूठ आणि गोल डबा असलेली जुनी वेगळी. १९४२ पासूनची साधी, केवळ सरळ मॅगझिन घेणारी वेगळी. यंत्राचा विचार नंतर. थॉम्प्सनच्या जाड लाकडी दस्त्यात बॅटरी लपवायला जागा असते, पत्र्याच्या बारीक बंदुकीत ती अडचण पडते. मूळ थॉम्प्सन रिकामी असताना पावणेपाच किलोच्या आसपास भरते. प्लॅस्टिकची हलकी प्रतिकृती दिवसभर हाती धरणे सोपे, परंतु पळताना दम का लागत होता, हे तीतून कधीच कळणार नाही. धातूची आणि खऱ्या लाकडाची प्रतिकृती जड असते आणि महागही. तरी पैसे साठव आणि तीच घे, असे मी सुचवले.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मॅगझिनची. खेळाच्या बंदुकांना असे मॅगझिन मिळते की, खालचे चाक फिरवीत राहावे आणि शेकडो छर्रे झाडीत राहावे. मूळ थॉम्प्सनच्या सरळ मॅगझिनमध्ये २० किंवा ३० गोळ्या असत. चाप दाबून धरला तर तीन सेकंदांच्या आत-बाहेर सारा खेळ संपे. म्हणूनच सैनिक दोन-तीन गोळ्यांचे तुटक झोत मारायला शिकत आणि मॅगझिन बदलताना आडोसा शोधीत. "तू तुझ्या मॅगझिनमध्ये तीसच छर्रे भर," मी त्याला सांगितले. तो हसला. म्हणाला, "मामा, मग मी पहिल्या पाच मिनिटांत बाद होईन."

त्यावर मी त्याला जी हकिकत सांगितली, ती आपल्या वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. तरी पुन्हा सांगण्याजोगी आहे. १० जुलै १९४४. इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीची एक तुकडी अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडली. तुकडीचे नायक यशवंत घाडगे, कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, वय २२, तेवढे उभे राहिले. बाकी सारे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे त्या मोर्च्यावर धावून गेले. हातगोळा टाकून त्यांनी मशीनगन आणि ती चालवणारा निकामी केला, एकाला टॉमीगनने टिपले. अजून दोघे उरले होते आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने त्या दोघांना ठार केले. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते स्वतः पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कॅसिनोच्या स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे.

पुढच्या वर्षी ९ एप्रिलला सेनियो नदीच्या काठी त्याच रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीचे शिपाई नामदेव जाधव, पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील निमजचे, यांनी दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून एकेक करून सुरक्षित पोहोचवले आणि मग ते शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले. त्यांच्याही हाती टॉमीगनच होती. एक मोर्चा त्यांनी तिने बंद पाडला. इतक्यात हाताला गोळी लागली. बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून देऊन ते हातगोळ्यांवर आले आणि उरलेले मोर्चे मोडून काढले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि तो घ्यायला ते जिवंत राहिले.

या दोन्ही प्रसंगांत टॉमीगन मध्येच संपली. एकदा मॅगझिन रिकामे झाले, एकदा हात. प्रतिकृतीत न संपणारे छर्रे भरले म्हणजे नेमकी हीच जागा खोटी ठरते. मूळ हत्याराचा आकार, रंग, लाकडाची झिलई यांची नक्कल कारखाना करील. त्याच्या मर्यादांची नक्कल खेळणाऱ्यानेच करावयाची असते.

फोनवर बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग त्याने सांगितले की, त्या गटात तो एकटाच भारतीय. इटलीच्या आघाडीवर भारतीय सैन्य होते, हे तेथे फारसे कुणाला ठाऊक नाही आणि त्यालाही आजवर नव्हते. चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन भारतीय डिव्हिजन तेथे लढल्या, हे मी सांगितले. ब्रिटिश झेंड्याखाली परमुलखात मेलेल्या आपल्या माणसांची आठवण कशी ठेवावी, याचा आपल्याला संकोच वाटत आला आहे. तो अगदीच अनाठायी आहे, असे मी म्हणणार नाही. पण संकोचापायी त्यांची नावेच विसरली जावीत, हे मात्र बरे नव्हे.

शेवटी कारकुनी सवयीने मी कायद्याचीही चौकशी केली. इंग्लंडात १ ऑक्टोबर २००७ पासून हुबेहूब दिसणारी नकली बंदूक सर्रास विकता येत नाही. संघटित खेळाडूला आणि इतिहासाचे प्रसंग उभे करणाऱ्याला सवलत आहे, इतरांना भडक रंगाची चालते. आपल्याकडेही २०१६ च्या शस्त्र नियमांनी बंदुकीच्या प्रतिकृतींची दखल घेतली आहे. तेव्हा सुटीत येताना ती सोबत आणण्याचा विचारही करू नकोस, असे त्याला बजावले. डोळ्यांवर चष्मा असल्याखेरीज मैदानात पाऊल टाकायचे नाही आणि मैदानाबाहेर बंदूक पेटीतच राहील, ही दोन वचनेही घेतली. यात मामाचा भित्रेपणा नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात अशाच नकली पिस्तुलाशी खेळणाऱ्या बारा वर्षांच्या मुलावर पोलिसाने गोळी झाडली आणि मूल दगावले. खेळण्याच्या तोंडावरची नारिंगी खूण निघून गेलेली होती. दुरून पाहणाऱ्याला प्रतिकृती आणि मूळ यांत भेद कळत नाही. त्याच्या लेखी ती बंदूकच असते.

भाच्याने थॉम्प्सन घेतली. १९४२ नंतरची साधी, लाकडी दस्त्याची. पहिल्या खेळानंतर त्याचा फोन आला. तीस छर्रे भरले होते, ते संपले, मॅगझिन बदलायला तो झाडामागे वाकला आणि तेवढ्यात त्याच्या खांद्याला छर्रा लागला. हात वर करून तो बाहेर आला आणि सोबत्यांबरोबर चहा पीत बसला. तेथे कुणीतरी त्याला विचारले की, तू नेमका कोणत्या पलटणीचा? त्याने पलटणीचे नाव सांगितले आणि नाईक घाडगे यांची हकिकतही सांगितली.

"मामा," तो मला म्हणाला, "मी चहा पीत होतो, आणि मला सारखे ते मॅगझिनच आठवत होते."