बार्शी लाईट : सरहद्दीवरील पेठ आणि तिची माणसे

व्यापारी पेठा नदीच्या, घाटाच्या किंवा देवस्थानाच्या आश्रयाने वाढतात, असा सर्वसाधारण समज आहे. बार्शीला भगवंताचे देवस्थान आहे आणि त्याचा लौकिकही मोठा आहे. तथापि बार्शीच्या पेठेची भरभराट मुख्यत्वे एका सरहद्दीची देणगी होती, ही गोष्ट नव्या पिढीला फारशी ठाऊक नाही.

स्वातंत्र्यपूर्व काळी बार्शी तालुका इंग्रजी अमलातील सोलापूर जिल्ह्यात होता. त्याच्या उत्तरेस व पूर्वेस निजामाचा मुलूख पसरलेला होता. बालाघाटावरील कापूस, करडई, जवस आणि ज्वारी बैलगाड्यांतून उतरून बार्शीत येई, तर मुंबईचे कापड, मीठ आणि लोखंडी सामान त्याच वाटेने वर जाई. मुलूख मराठी, रोटीबेटीचे व्यवहार परस्परांत. पण मध्ये नाका. निजामाच्या राज्यात जकातीस करोडगिरी म्हणत आणि तिचा सर्वसाधारण दर शेकडा पाच होता. चलनही वेगळे. शंभर कलदार रुपयांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली सिक्का, म्हणजे सहा कलदारास सात हाली, असा सरकारी दर होता. गिऱ्हाइकाने लुगडे पसंत केले की दुकानदाराला भावाबरोबर वटावाचाही हिशेब मांडावा लागे. अशा ठिकाणी दोन्हीकडचे कायदे, दोन्हीकडची नाणी आणि दोन्हीकडची पत ओळखणारा मध्यस्थ लागतोच. बार्शीचा अडत्या तो मध्यस्थ होता. सरहद्द ही त्याची अडचण होती आणि तीच त्याची मिळकतही होती.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा १८५९ मध्ये बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत आला आणि १८६० मध्ये सोलापूरला पोहोचला. बार्शी मात्र मुख्य मार्गापासून सुमारे २१ मैल बाजूला राहिली. हे अंतर पावसाळ्यात बैलगाडीला किती जड जात असेल, याची कल्पना काळ्या जमिनीत गाडी रुतलेली पाहणाऱ्यालाच येईल. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ती निकड ओळखली. त्याने स्थापन केलेल्या कंपनीने अडीच फूट रुंदीचा मार्ग टाकला आणि १८९७ मध्ये बार्शी लाईट रेल्वे धावू लागली. रूळ हलके, एका आसावर भार जेमतेम पाच टन. तरीही वाघिणींची बांधणी अशी कुशल की, अरुंद मार्गावरही भरपूर माल वाहता येतो हे या रेल्वेने अन्य देशांतील अभियंत्यांनाही दाखवून दिले. पुढे १९०६ मध्ये ती पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला जाऊन भिडली.

या रेल्वेने व्यक्तींच्या जीवनात काय घडविले, याचे ठळक उदाहरण सोलापूरचे वालचंद हिराचंद. सौराष्ट्रातून आलेल्या जैन घराण्यात १८८२ मध्ये त्यांचा जन्म झाला. घरी कापसाचा व सावकारीचा व्यवसाय होता. तो सोडून, रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी जे पहिले ठेके घेतले, त्यांत बार्शी लाईटच्या एका टप्प्याचे काम होते. जहाजे, विमाने आणि मोटारी यांचे कारखाने पुढचे. आरंभ या माळरानावरील मातीकामाने झाला. पेढीवरच्या मुलाने कंत्राटदार व्हावे ही कल्पना त्या काळी घरच्यांच्या पचनी पडणे सोपे नव्हते. कुर्डुवाडीची कथा याहून साधी आहे. तेथे रेल्वेची कर्मशाळा उभी राहिली आणि आसपासच्या शेतकरी घरांतील मुले फिटर, लोहार, इंजिनचालक म्हणून महिन्याच्या पगारावर जगू लागली. गावाची ओळखच बदलली.

परंतु जी रेल्वे बार्शीच्या भल्यासाठी आली, तिने लातूरलाही वाट करून दिली. पूर्वी लातूरकडचा माल गाडीने बार्शीस येई व तेथे विके. १९११ नंतर तो लातूरच्या स्थानकावरच वाघिणीत चढू लागला. यात कोणाचा दोष नाही. ज्या रस्त्याने माल येतो, त्याच रस्त्याने बाजारही निघून जाऊ शकतो, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. तरीही जोवर करोडगिरी आणि हाली सिक्का होता, तोवर बार्शीचे महत्त्व टिकून होते. निजामाच्या राज्यात कारभाराची व वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू असल्याने मराठीतून शिकू इच्छिणारी मुलेही सरहद्द ओलांडून बार्शी-सोलापुरास येत. कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांच्या संस्थेने अशा कितीतरी खेड्यांतील मुलांना आसरा दिला. १९४७-४८ च्या धामधुमीत रझाकारांच्या भयाने अनेक कुटुंबे बार्शीत आली; हैदराबाद मुक्तिलढ्याच्या छावण्याही याच तालुक्याच्या सीमेवर होत्या.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली. पुढच्या काही वर्षांत करोडगिरी गेली, हाली सिक्का गेला, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. मराठी माणसाचे स्वप्न साकार झाले. त्या आनंदात बार्शीच्या पेठेने आपली जुनी जागा मुकाट्याने गमावली, याची नोंद मात्र फारशी कोणी केली नाही. लातूर १९८२ मध्ये जिल्ह्याचे ठाणे झाले. तेथील डाळींचा व सोयाबीनचा बाजार आणि शिक्षणाचा 'लातूर पॅटर्न' सर्वश्रुत आहे. एके काळी शिकण्यासाठी बार्शीला येणाऱ्यांची नातवंडे लातुरात शिकू लागली, आणि बार्शीची मुलेही तिकडे जाऊ लागली. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, तेव्हा कापडावर शेकडा पाच कर बसला. निजामाच्या करोडगिरीचाही दर हाच होता, हा योगायोग जुन्या वह्या पाहिलेल्यांच्या नजरेतून सुटला नसेल. फरक एवढाच की, हा कर चुकविण्यासाठी पलीकडे जायला आता सरहद्दच उरली नव्हती.

बार्शी लाईट १९५४ मध्ये सरकारने ताब्यात घेतली. तिचे रूळ टप्प्याटप्प्याने रुंद करण्यात आले. लातूर ते कुर्डुवाडी हा भाग २००८ पर्यंत आणि पंढरपूर ते मिरज हा भाग त्यानंतर पूर्ण झाला. जुन्या अरुंद मार्गापासून दूर राहिलेल्या उस्मानाबादेस, म्हणजे आजच्या धाराशिवास, या फेरबदलात प्रथमच रेल्वे मिळाली. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरात पिण्याच्या पाण्याचा दुष्काळ पडला. तेव्हा मिरजेहून १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन निघालेली पहिली गाडी पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी या जुन्याच वाटेने १२ एप्रिलला लातुरास पोहोचली. ज्या मार्गाने लातूरचा कापूस आणि करडई शंभर वर्षे खाली उतरली, त्याच मार्गाने कृष्णाकाठचे पाणी वर चढले.