सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचा इतिहास

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला उभा राहिला की मुलांत पहिला वाद होतो तो मावळ्यांवरून. मावळा बुरुजापेक्षा उंच झाला, तर ते घरातल्या धाकट्यालाही खटकते. मोठी वस्तू लहान करावयाची, पण तिचे प्रमाण बिघडू द्यावयाचे नाही, ही जाण आपल्या मुलांना अशी खेळता खेळता येते. याच जाणिवेवर युरोप-अमेरिकेत शंभराहून अधिक वर्षे एक छंद जोपासला गेला आहे. तो म्हणजे आगगाडीच्या हुबेहूब प्रतिकृती करण्याचा. वरवर पाहता हा पोरखेळ; पण त्यात इतिहासाचे एक मोठे काम गुपचूप चाललेले असते.

१८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत मार्क्लिन या जर्मन कारखान्याने ठरावीक मापांचे रूळ मांडले आणि खेळण्यातल्या गाडीला शिस्त लागली. पुढे मापे लहान होत गेली. आज जगात फार लोकप्रिय आहे ते ‘एच-ओ’ माप. त्यात खरी वस्तू सत्त्याऐंशी पटींनी लहान करतात. आपल्याकडेही पुण्याच्या कोथरूड भागात भाऊसाहेब जोशी यांनी १९९८ साली लघुरेल्वेचे संग्रहालय उघडून हे जग सर्वांस खुले केले.

या छंदातील जाणत्यांचा जीव मात्र पुष्कळदा मेलगाडीच्या देखण्या इंजिनापेक्षा शंटिंगच्या डिझेल इंजिनावर जडतो. भुसावळसारख्या यार्डात डबे इकडून तिकडे ढकलीत, गाड्या जुळवीत राबणारे हे इंजिन लग्नघरातील काकूंसारखे असते. पंगतीत त्या दिसत नाहीत, पण त्यांच्यावाचून पंगत बसत नाही. अशी डिझेल इंजिने १९४४-४५ च्या सुमारास अमेरिकेहून आली. पुढे १९६० नंतरच्या दशकात चित्तरंजनच्या कारखान्यात ‘डब्ल्यूडीएस-४’ हे देशी इंजिन तयार होऊ लागले. या नावातील ‘एस’ म्हणजेच शंटिंग. इंजिन डिझेलचे, पण त्याची सहा चाके वाफेच्या इंजिनाप्रमाणे दांड्यांनी एकमेकांस जोडलेली.

आता हे इंजिन टेबलावर आणावयाचे कसे? बाजारात बहुधा अमेरिकन धाटणीचे प्लास्टिकचे इंजिन मिळते. कारागीर प्रथम त्याचे जाडजूड कठडे कापून टाकतो. खरा कठडा इंचभर जाडीचा धरला, तर या मापात तो मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही बारीक व्हावयास हवा. म्हणून तेथे पितळेची तार बसते. अमेरिकन इंजिनाला मध्यभागी एकच आकडा. आपल्या इंजिनाला दोन्ही बाजूंस बफर हवेत. मग ब्रेकची नळी, कोपऱ्यातील पायऱ्या, देवनागरी क्रमांक. शेवटी खडूची पूड आणि पातळ रंग घेऊन तो नव्या इंजिनाला जुने करतो: धुराड्याभोवती काजळी, टाकीखाली तेलाचे ओघळ, आणि शंटिंगवाला पाय ठेवतो त्या पायरीवर उडालेला रंग.

हा खटाटोप कशासाठी? १९८० नंतरच्या काळात एकाच मालाची अख्खी गाडी थेट मुक्कामाला नेण्याची पद्धत वाढली आणि डबे जुळविण्याचे काम ओसरले. व्हॅक्यूमचे ब्रेक जाऊन हवेच्या दाबाचे आले. दप्तरात इंजिनाचा क्रमांक आणि अश्वशक्ती राहते. परंतु पायरी कोणत्या बाजूने झिजली होती, हे कोणते दप्तर सांगणार? तेवढे तो कारागीर लिहून ठेवतो, तारेने आणि रंगाने.

मात्र आपल्या गाडीपुढे एक अडचण आहे. डलहौसीच्या कारकिर्दीत आपल्या रुळांचे अंतर साडेपाच फूट, म्हणजे १६७६ मिलिमीटर ठरले. सत्त्याऐंशीने भागले की ते सव्वाएकोणीस मिलिमीटर भरते. बाजारातला रूळ साडेसोळाचा, कारण तो १४३५ मिलिमीटरच्या विलायती मापावर बेतलेला. त्यामुळे आपले ब्रॉडगेजचे इंजिन त्यावर उभे केले की जरा आखडून उभे राहिल्यासारखे दिसते.

आणि येथे आम्हां भडगावकरांच्या शेजारची गोष्ट येते. पाचोरा-जामनेर ही छप्पन्न किलोमीटरची छोटी गाडी, सर्वांची ‘पीजे’, १९१८-१९ च्या सुमारास सुरू झाली. शेंदुर्णी, पहूर करीत ती शंभर वर्षे चालली. आधी वाफेवर, मग डिझेलवर. तिच्या रुळांतील अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. सत्त्याऐंशीने भागा: पावणेनऊ! आणि नऊ मिलिमीटरचा तयार रूळ जगभर मिळतो. जी थोर ब्रॉडगेज त्या टेबलावर नीट मावत नाही, तिच्या शेजारी आपली धाकटी पीजे मात्र जवळजवळ अचूक बसते.

२०२० साली टाळेबंदीत ती थांबली ती कायमची. त्या मार्गाचे ब्रॉडगेज करण्याचे ठरले. रूळ बदलतील, स्टेशने बदलतील. इंजिनाचा रंग, डब्याच्या खिडकीचे गज, दाराची कडी, हे सारे आज फक्त लोकांच्या आठवणीत आहे, आणि आठवणीला गंज लोखंडापेक्षा लवकर चढतो. दिवाळीला घरी जमलेल्या आजोबांना, मामांना, आत्यांना मुलांनी हे विचारावे आणि वहीत आकृती काढून ठेवावी. पुढेमागे कोणी तार आणि पितळ घेऊन बसलाच, तर त्याला ती वही लागेल.