भारतातील नायट्रोजन ऑक्साइड: शहरांची सरासरी आणि कोळशाचा पट्टा

भारतातील नायट्रोजन ऑक्साइडच्या प्रदूषणाचा इतिहास शिकवताना एक अडचण येते. एकाच काळाचे दोन आलेख समोर येतात आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या केंद्रांवरून काढलेली नायट्रोजन डायऑक्साइडची देशव्यापी वार्षिक सरासरी २००० नंतरच्या दशकात जवळजवळ सपाट दिसते. निवासी भागासाठी १९९४ साली ठरलेली मर्यादा ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर होती आणि ही सरासरी तिच्या निम्म्याच्या आसपास होती. त्याच वर्षांत उपग्रहांनी भारतावर मोजलेला नायट्रोजन डायऑक्साइड मात्र चढत जातो. दोन्ही मोजमापे खरी आहेत. मग वाढ झाली की नाही?

आधी थोडे रसायन पाहू. सल्फर डायऑक्साइड तयार होण्यासाठी इंधनात गंधक असावे लागते. गंधक काढले की तो वायू कमी होतो. नॉक्सचे, म्हणजे नायट्रिक ऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड या जोडीचे, तसे नाही. ज्योत साधारण १५०० अंश सेल्सिअसच्या वर तापली की हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावू लागतो. ही यंत्रणा सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव्ह झेल्दोविच यांनी १९४० च्या दशकात मांडली. कार्यक्षमतेसाठी ज्वलन अधिक तापमानावर न्यावे तर नॉक्स वाढतो, असा हा अभियंत्याला पेचात टाकणारा हिशेब आहे. कोळशाच्या बाबतीत त्यात आणखी भर पडते, कारण खुद्द कोळशात एक-दोन टक्के नायट्रोजन असतो.

बाहेर पडलेला नॉक्स आहे त्या रूपात फार काळ राहत नाही. सूर्यप्रकाशात त्याच्यापासून आणि हायड्रोकार्बनपासून ओझोन बनतो. लॉस एंजेलिसच्या धुरक्याचा अभ्यास करताना आरी हागेन-स्मिट यांनी हे १९५० च्या सुमारास दाखवले. शिवाय त्याचे नायट्रेटचे सूक्ष्म कण होतात आणि ते पीएम २.५ मध्ये मोजले जातात. त्यामुळे चिमणीतून निघालेला हा वायू दूरच्या गावात वेगळ्याच नावाने श्वासात जातो.

आता मोजणीकडे वळू. राष्ट्रीय हवा-गुणवत्ता मापनाचे जाळे १९८४ साली सात केंद्रांनी सुरू झाले. ती केंद्रे आग्रा आणि अनपारा येथे होती. अनपारा हे उत्तर प्रदेशातील सोनभद्र जिल्ह्यात, सिंगरौलीच्या कोळसा पट्ट्यात आहे. म्हणजे सुरुवात वीजकेंद्रांच्या शेजारीही झाली होती, हे सहसा कोणी सांगत नाही. पुढे जाळे वाढत गेले ते मुख्यतः शहरांमध्ये.

या केंद्रांवर बहुतांशी जेकब आणि हॉखहायझर यांची सुधारित पद्धत वापरली जाते. हवा सोडियम हायड्रॉक्साइड आणि सोडियम आर्सेनाइटच्या द्रावणातून सोडायची, नंतर अभिकर्मके घालून येणारा गुलाबी रंग ५४० नॅनोमीटरवर वाचायचा. आमच्या प्रयोगशाळेत मुलांना हा प्रयोग आवडतो, कारण प्रदूषण डोळ्यांना दिसते. (आर्सेनाइट विषारी आहे, हे मला दर वर्षी नव्याने बजावावे लागते.) हाताने चालणाऱ्या अशा केंद्रांवर आठवड्यातून दोन दिवस, वर्षाला १०४ दिवस मोजणी अपेक्षित असते. जाळ्यात नवी शहरे येत गेली, त्यामुळे दोन वेगळ्या वर्षांची 'राष्ट्रीय सरासरी' ही खरे तर दोन वेगळ्या याद्यांची सरासरी असते. सपाट रेषेचे एक कारण इथे आहे.

शहरांपुरते बोलायचे तर दोष वाहनांवर येतो आणि तो बराचसा योग्य आहे. देशातील नोंदणीकृत वाहने १९९१ मध्ये सुमारे २.१ कोटी होती, २०११ मध्ये ती १४ कोटींच्या वर गेली. त्यांत दुचाकी सर्वाधिक असल्या, तरी नॉक्समध्ये मोठा वाटा डिझेलवरच्या ट्रक-बसचा होता. १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक सक्तीचा झाला आणि त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आले.

दिल्लीचे उदाहरण तर अभ्यासण्यासारखे आहे. एम. सी. मेहता यांच्या १९८५ च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९९८ मध्ये आदेश दिला आणि २००२ अखेरपर्यंत शहर बससेवा सीएनजीवर गेली. काळा धूर हटला, पण नायट्रोजन डायऑक्साइड पुढच्या वर्षांत उतरण्याऐवजी चढला. सीएनजीने काजळी जाते. ज्योत मात्र तापलेलीच राहते आणि योग्य परिवर्तक नसेल तर नॉक्स तसाच बाहेर पडतो. शिवाय डिझेलचा दर ऑक्टोबर २०१४ पर्यंत सरकारी नियंत्रणात, पेट्रोलपेक्षा बराच खाली होता. स्वस्त डिझेलमुळे डिझेल मोटारी वाढल्या. एका दाराने बाहेर काढलेला वायू दुसऱ्या दाराने आत आला, असे मी वर्गात म्हणतो.

पण वाहने ही निम्मीच गोष्ट. अमित गर्ग, पी. आर. शुक्ल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या उत्सर्जन-गणनेनुसार देशाचा नॉक्स १९९० मध्ये सुमारे २६ लाख टन होता आणि १९९५ मध्ये ३५ लाख टनांच्या जवळ गेला. त्यात वीजनिर्मिती आणि वाहतूक यांचा वाटा जवळपास सारखा, प्रत्येकी ३० टक्क्यांच्या आसपास होता. पुढे कोळशावरील वीजक्षमता मार्च २००७ मधील सुमारे ७१ हजार मेगावॉटवरून मार्च २०१७ पर्यंत १ लाख ९२ हजार मेगावॉटवर गेली.

ही वाढ शहरांतल्या केंद्रांना का दिसली नाही, याचे उत्तर चिमणीच्या उंचीत आहे. मोठ्या संचांना २२० मीटर आणि ५०० मेगावॉट व त्याहून मोठ्या संचांना २७५ मीटर उंचीची चिमणी बांधण्याचा नियम १९८४ पासूनचा. उद्देश सल्फर डायऑक्साइड दूरवर विखुरण्याचा होता. त्याबरोबर नॉक्सही विखुरला गेला आणि जमिनीजवळचा आकडा मर्यादेत राहिला. मर्यादेत आहे म्हणून कोळशाच्या बॉयलरला नॉक्सची मर्यादाच घातली नव्हती. डिसेंबर २०१५ पर्यंत ही स्थिती होती, हे ऐकून विद्यार्थी दर वेळी चकित होतात.

१९९५ साली सुटलेले गोम आणि २००४ चे ओमी ही उपग्रहांवरील उपकरणे हवेचा संपूर्ण स्तंभ वाचतात. त्यांच्या दृष्टीने चिमणी उंच असल्याने काही फरक पडत नाही. त्यांच्या नकाशांवर महानगरांइतकेच ठळक दिसले ते सिंगरौली, कोरबा, तालचेर, चंद्रपूर. झिफेंग लू आणि डेव्हिड स्ट्रीट्स यांनी एकेका वीजसंचाचा हिशेब मांडून तो उपग्रहांशी ताडून पाहिला. १९९६ ते २०१० या काळात भारतीय औष्णिक केंद्रांचा नॉक्स किमान ७० टक्क्यांनी वाढल्याचे त्यांना आढळले.

२०१५ च्या अधिसूचनेने मर्यादा आल्या: २००४ पूर्वीच्या संचांना ६०० मिलिग्रॅम प्रति घनमीटर, २००४ ते २०१६ मधल्यांना ३००, त्यानंतरच्यांना १००. मुदत दोन वर्षांची होती, ती पुढे ढकलली गेली. वाहनांच्या बाबतीत मात्र देशाने भारत स्टेज ५ वगळून १ एप्रिल २०२० पासून थेट ६ लागू केले आणि डिझेल मोटारीची नॉक्स मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ वर आणली. ट्रकचालक आज पंपावर ज्याला नुसते 'युरिया' म्हणतात, ते द्रावण या नियमामुळे सर्रास झाले.

तो एप्रिल टाळेबंदीचा होता. दिल्लीतला नायट्रोजन डायऑक्साइड सुमारे निम्म्यावर आला. उपग्रहांच्या नकाशावर महानगरांचे डाग विरले, तर कोळसा पट्ट्यातले फिके झाले, पण पुसले गेले नाहीत. कमी भारावर चालताना बॉयलरला ३०० चा आकडा पाळता येत नाही, असे वीजकंपन्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये २००४ ते २०१६ मधल्या संचांची मर्यादा ३०० वरून ४५० करण्यात आली.