धूर की वाफ?

रेल्वे आपल्याकडे आली तेव्हा लोकांनी तिचं नाव ठेवलं आगगाडी. खेड्यापाड्यात अगीनगाडी. चाकांवरून नाही, रुळांवरून नाही, नाव पडलं ते आगीवरून. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली. चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे, आणि ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं. बैलाशिवाय चालणारी गाडी बघायला जमलेल्या लोकांच्या नजरेत भरला असेल तो धूरच. 1867 मध्ये रूळ नागपूरपर्यंत पोचले आणि आपला वर्धा जिल्हाही या धुराच्या वाटेवर आला.

या धुराकडे मी वळलो ते एका खेळण्यामुळे. दिवाळीत नातू पुण्याहून अल्लीपूरला आला, तो विजेवर चालणारं छोटं इंजिन घेऊन. धुराड्यातून धूर निघतो, असं खोक्यावर लिहिलेलं. निघत होता, पण उदबत्तीइतकाही नाही. पोरगं हिरमुसलं. मी पडलो मराठी माध्यमातला बी.ए., जन्मभर भाषा आणि इतिहास शिकवला. पण निवृत्त मास्तरजवळ वेळ भरपूर असतो. म्हणून या लुटुपुटूच्या धुराचा इतिहास वाचून काढला.

खेळण्यातल्या गाड्या आधी चावीवर आणि मग विजेवर धावू लागल्या. पोटात आग नाही, तर धूर येणार कुठून? अमेरिकेत महायुद्ध संपल्यावर, 1946 मध्ये लायोनेल कंपनीने धूर सोडणारी इंजिनं आणली. युक्ती साधी होती. इंजिनाच्या दिव्याला वर एक खळगा, त्यात धुराड्यातून टाकलेली गोळी. दिवा तापला की गोळीचा धूर व्हायचा. पण दिव्याची ऊब ती कितीशी! पुढच्याच वर्षी दिवा गेला आणि तापणाऱ्या तारेचं वेटोळं आलं. चाकांबरोबर हलणारा एक दट्ट्या हवा ढकलायचा, म्हणून धूर भसकन न निघता फक् फक् निघायचा. त्याच सुमारास गिल्बर्ट कंपनीने धुराचं यंत्र इंजिनामागच्या टेंडरमध्ये ठेवलं आणि नळीने धूर पुढे आणला. पुढे गोळ्या मागे पडल्या, तेल आलं. जर्मनीतल्या सॉयथे कंपनीने तर हे सगळं बोटाच्या पेराएवढ्या नळीत बसवलं.

त्या नळीत होतं काय, तर थोडंसं पातळ खनिज तेल तारेच्या उष्णतेने उकळतं, त्याची वाफ वर येते आणि बाहेरच्या गार हवेत तिचे बारीक थेंब होतात. आपल्याला दिसतात ते हे थेंब. म्हणजे तो धूर नव्हेच, ते तेलाचं धुकं आहे. हे एकदा कळलं की बाकीचं सोपं. तेल काठोकाठ भरलं तर तारेची सगळी उष्णता तेल कोमट करण्यातच जाते, उकळी फुटत नाही. अगदी कोरडं चालवलं तर आतली वात करपते, नाहीतर तारच जळते. नातवाने उत्साहाने नळी भरून टाकली होती. टीपकागदाची सुरळी करून जास्तीचं तेल टिपलं, आणि धुराड्याने श्वास घेतला!

तरीही गाडी हळू चालवली की धूर विरळच. त्याचंही कारण आहे. साध्या संचात रुळांतून येणारी तीच वीज मोटर फिरवते आणि तारही तापवते. वेग कमी केला की वीज कमी, वीज कमी की तार गार. खरं इंजिन चढावर हळू चालतं तेव्हाच सगळ्यात जोरात धापा टाकतं, खेळण्यात नेमकं उलटं. अलीकडच्या डिजिटल संचांत रुळांवरची वीज कायम ठेवून मोटरला वेगळा हुकूम देतात, आणि महागड्या इंजिनांत छोटा पंखा चाकांच्या ठेक्यावर फुंकर घालतो. सांगायचं एवढंच, की खेळ संपल्यावर रूळ पुसून घ्यावेत (तेलाचा थर बसतो) आणि खिडकी उघडी ठेवावी.

आता खऱ्या इंजिनाकडे येतो. माझे थोरले मामा वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. लहानपणी आम्ही काळ्याकुट्ट धुराचं कौतुक करायचो तर ते चिडायचे. म्हणायचे, "काळा धूर दिसला का समजाचं, कोळसा वाया चालला." काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा. फावड्याने थोडा थोडा, सगळीकडे सारखा पसरून टाकणारा फायरमन चांगला, आणि त्याच्या इंजिनाचा धूर पातळ. मग ते पांढरे लोट कशाचे? ती वाफ. दट्ट्या ढकलून झाला की वापरलेली वाफ धुराड्यातून बाहेर सोडायची, म्हणजे तिच्या ओढीने भट्टीला हवा मिळते. ट्रेव्हिथिकच्या 1804 च्या इंजिनातही वाफ धुराड्यातच सोडली होती. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात असे चार हुंकार. आपली झुकझुक ती हीच. बाहेर आल्यावर गार होऊन दिसणारी ही वाफ आणि नातवाच्या इंजिनातलं तेलाचं धुकं, दोन्ही एकाच जातीची. खेळणं करणाऱ्यांनी नक्कल केली ती इंजिनाच्या श्वासाची. काळा धूर राहिला मामांच्या वाट्याला. ते निवृत्तीनंतर फार दिवस जगले नाहीत. रात्रीचा त्यांचा खोकला मला अजून ऐकू येतो.

म्हणून 'वाफेच्या गाड्या किती छान होत्या' असं कुणी म्हटलं की मी गप्प बसतो. मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला 1921 साली मँचेस्टरला बनलेल्या इंजिनावर चालायची. ते 1923 पासून राबलं आणि 15 एप्रिल 1994 ला त्याच्या जागी डिझेल आलं. लोक हळहळले. भट्टीपुढे सत्तर वर्षं कोणीतरी उभं होतं, त्यांना काय वाटलं ते कुणी विचारलं नाही. आपल्या पुलगाव-आर्वीचीही गाडी बंद पडली.

नातवंडांना लहान गाड्या दाखवायच्या तर पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय आहे, 1998 पासून. पण नागपूरचं मोतीबागेतलं नॅरोगेज संग्रहालयही चुकवू नका. तिथली इंजिनं थंड आहेत. फूटप्लेटवर चढायला मिळालं तर पोरांना भट्टीच्या दारासमोर उभं करा आणि सांगा, फायरमन इथे उभा राहायचा, मे महिन्यातसुद्धा.