बर्मा-शेल आणि घरांतला दिवा

पारनेरच्या पठारावर रब्बी ज्वारींत करडईचे पाटे घालण्याची चाल जुनी. त्या करडईचें तेल गांवच्या घाण्यावर निघे आणि समईंत, पणतींत जळे. दिव्याचें तेल अशा रीतीनें शिवारांतलेंच होतें. तें परदेशीं गेलें घासलेटामुळें.

प्रथम अमेरिकेचें व मागाहून रशियाचें तेल मुंबईस उतरूं लागलें. पुढें ब्रह्मदेश आला. 1886 च्या पहिल्याच दिवशीं इंग्रजांनीं वरचा ब्रह्मदेश खालसा केला आणि त्याच वर्षीं स्कॉटलंडांतील व्यापाऱ्यांनीं बर्मा ऑइल कंपनी स्थापिली. येनानजाऊंगच्या विहिरी त्याच मुलुखांत होत्या. हा केवळ योगायोग मानणें कठीण आहे. ऐरावतीकांठचें तें तेल रंगूनजवळ सिरियम येथें शुद्ध होऊन हिंदुस्थानांत येऊं लागलें.

1927 मध्यें एका अमेरिकन कंपनीनें सोव्हिएट रशियाचें तेल येथें आणतांच शेल कंपनीनें दर पाडले व मोठें दरयुद्ध जुंपलें. तेल कोणाचें हें गिऱ्हाइकास कळत नसे; स्वस्त झालें एवढें कळे. 1928 मध्यें शेल व बर्मा ऑइल यांनीं हिंदुस्थानांतील विक्री एकत्र करून बर्मा-शेल कंपनी उभारली.

तिची खरी करामत तेल काढण्यांत नव्हती, तें पोंचविण्यांत होती. बंदरावरच्या टाक्यांतून रेल्वेनें आणि रेल्वेपासून बैलगाडीनें तें खेडोपाडीं जाई. दौंड-मनमाड लोहमार्ग 1878 मध्यें झाला, पण तो पारनेर गांवास शिवला नाहीं. अशा आडवाटेच्या गांवींही पत्र्याचा डबा गेला. रिकामा डबा तर घरचा होऊन बसे: त्यांत पाणी भरावें, धान्य ठेवावें, फोडून छपरास पत्रा करावा. भाषेनेंही हा पाहुणा सामावून घेतला. 'रॉक ऑइल'चें 'रॉकेल' होण्यास फार काळ लागला नाहीं. कंदिलाखालीं अक्षर स्पष्ट दिसे आणि काजळीही कमी, हें श्रेय त्या तेलास दिलेंच पाहिजे.

परंतु घाणे मागें पडल्यावर दिवा समुद्रापलीकडच्या विहिरींवर अवलंबून राहिला, हें 1942 च्या मार्चांत उघड झालें. जपानी फौजा रंगूनवर येतांच सिरियमचा कारखाना इंग्रजांनींच उद्ध्वस्त केला. मग येनानजाऊंगच्या विहिरींचीही तीच गत झाली. लढाई ऐरावतीच्या कांठीं, आणि टंचाई महाराष्ट्रांतल्या स्वयंपाकघरांत! डबा घेऊन रांगेंत उभें राहणें तेव्हांपासून अंगवळणीं पडलें.

स्वातंत्र्यानंतर 1951 मध्यें कंपनीशीं करार होऊन 1955 मध्यें मुंबईंत माहूल येथें तिचा शुद्धीकरण-कारखाना चालू झाला. कारखाना येथें आला तरी कच्चें तेल बाहेरूनच येत होतें. 1974 मध्यें मुंबईच्या समुद्रांत 'बॉम्बे हाय' येथें तेल सांपडलें. 24 जानेवारी 1976 रोजीं सरकारनें कंपनी ताब्यांत घेतली आणि त्याच वर्षाच्या मे महिन्यांत त्या समुद्रांतून तेल निघूं लागलें. 1977 च्या ऑगस्टपासून कंपनीस 'भारत पेट्रोलियम' हें नांव मिळालें.