खानदेशातून ठाण्याला

आमच्या चाळीसगावकडे कुणी फार हट्टाला पेटलं की थोरली माणसं म्हणत, ‘याला आता ठाण्याला धाडा.’ ठाण्याला म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात, हे वेगळं सांगावं लागत नसे. पण आमच्या गल्लीतून तिकडे प्रत्यक्ष गेलेलं कुणी मला आठवत नाही. पलीकडच्या घरातला एक तरुण मात्र कायम मागच्या पडवीत असे. त्याची आई शेतात जाताना त्याचा पाय खाटेला दोरानं बांधून जाई आणि भाकरी शेजारणीपाशी ठेवून जाई. पुढे मनोरुग्णालयांवरची टीका वाचू लागलो, तेव्हा हा तरुण मला तिच्यात कुठेच सापडेना.

ती टीका लहानसहान नव्हती. फुको, गॉफमन आणि साझ यांची गाजलेली पुस्तकं १९६१ या एकाच वर्षी आली. १९७८ साली इटलीनं कायदा करून मनोरुग्णालयं बंद करायला घेतली. या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर भिंत होती. आत कोंडलेला माणूस आणि बाहेर त्याला वेडा ठरवणारी सत्ता, अशी त्यांची मांडणी होती.

आपल्याकडे भिंती इंग्रजांनी बांधल्या. नागपूर, रत्नागिरी, येरवडा आणि ठाणे. आजही राज्यातली सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं हीच चार आहेत. खानदेशाच्या वाट्याला एकही आलं नाही. १९०६ मध्ये जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. जळगावला कलेक्टर कचेरी आली, धुळ्याची होतीच, पण वेड्यांसाठी सोय दोन्हीकडे नव्हती. बहिणाबाईंनी मनाचा ठाव जिथे घेतला, त्या मुलखात बिघडल्या मनाला सरकारी खाट नव्हती.

१९१२ चा ‘लुनसी’ कायदा मुळात रस्त्यावरच्या माणसासाठी होता. मोकाट फिरणारा, स्वतःला सांभाळू न शकणारा किंवा धोकादायक वाटणारा इसम पोलिसांनी धरायचा, मॅजिस्ट्रेटपुढे उभा करायचा, डॉक्टरनं दाखला द्यायचा आणि हुकूम निघाला की रवानगी. नातेवाइकांना अर्ज करता येई, पण तोही मॅजिस्ट्रेटकडेच. म्हणजे आजारी माणसाची गाठ आधी फौजदाराशी पडे. धुळ्याहून चाळीसगावपर्यंत फाट्याची गाडी आणि तिथून मुंबईच्या लाइनीनं ठाणे. इतका प्रवास शेतकऱ्याच्या घरानं अब्रू सांभाळून करायचा कसा? त्यापेक्षा पडवी बरी. १९८७ च्या कायद्यानं शब्द सभ्य केले, पण मॅजिस्ट्रेट ठेवला. आणि तो कायदा अमलात यायलाही १९९३ उजाडलं.

पडवीकडे ज्यांचं लक्ष गेलं, त्यांच्यातले एक मूळचे धुळ्याचेच होते. डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली आणि ‘देवराई’ (२००४) या चित्रपटामागेही तेच उभे राहिले. काळजी घेणारं घरच आधी थकतं, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं.

त्याच पुण्यात भार्गवी दावर यांनी १९९९ मध्ये बापू ट्रस्ट सुरू केला, तो आपल्या आईच्या नावानं. त्या आईला मनोरुग्णालयात दिवस काढावे लागले होते. दावर यांचा सवाल उलट दिशेनं येतो : रुग्णाच्या वतीनं बोलायचा अधिकार कुटुंबाला तरी कुणी दिला? हा सवाल वाणींच्या कामावर मात करतो असं मला वाटत नाही, पण त्याला बगल देणंही बरोबर नाही. पडवीतल्या त्या तरुणाला काय हवं होतं, हे आम्हा शेजाऱ्यांपैकी कुणी कधी विचारलं नव्हतं. (मीही नाही. त्याच्या खाटेजवळून पतंग काढायला मात्र जायचो.)

२०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरानं वा साखळीनं बांधून मारहाण करणं गुन्हा ठरवलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ९५ व्या कलमानं मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळदंड घालायला बंदी केली. दोन्ही तरतुदी हव्याच होत्या. पण भगताची साखळी आणि आईचा दोर एक नव्हे. त्या आईला दोर सोड म्हणणं सोपं. ती निंदणीला गेल्यावर मुलाजवळ बसणार कोण?

याचं उत्तर त्याच कायद्याच्या १८ व्या कलमात आहे, आणि वादविवादांत त्याचा उल्लेख मला फारच कमी आढळला. कुटुंबाला आधार देणारी किंवा घरीच पुनर्वसन करणारी सेवा सरकारनं पुरवावी असं ते म्हणतं. जिल्ह्यात किमान सेवा नसेल, तर जिल्ह्यातच दुसरीकडे घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारनं सोसायचा आहे.

धुळ्याला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, २०१८ पासून जळगावलाही आहे. अंतर नक्की घटलं. तरी सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून गोळ्या न्यायला येणाऱ्या बाईची त्या दिवसाची मजुरी बुडते, एस.टी.चं भाडं जातं, आणि ती परत येईपर्यंत घरातला माणूस कुणाच्या भरवशावर ठेवायचा, हे तिचं तिलाच ठरवावं लागतं.