सीताबर्डीची लढाई का झाली? आंबागडावरून शोधलेले उत्तर

१/ तुमसरजवळच्या सातपुड्याच्या डोंगरात आंबागड उभा आहे. देवगडच्या बख्त बुलंद शहाचा सुभेदार राजाखान पठाण याने १७०० च्या सुमारास तो बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. मित्रहो, २६-२७ नोव्हेंबर १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईची कारणे शोधताना मला हाच गड आठवतो.

२/ इंग्रज लेखकांनी या लढाईचे खापर अप्पासाहेब भोसल्यांच्या ‘कपटा’वर फोडले. आपल्याकडे त्यांच्या स्वाभिमानाचा गौरव होतो. दोन्ही उत्तरे एकाच माणसाच्या स्वभावापाशी थांबतात. इतिहासाला तेथे थांबता येत नाही.

३/ पहिले कारण १८०३ चे. आडगाव आणि गाविलगड येथील पराभवांनंतर दुसऱ्या रघुजींना देवगावच्या तहाने कटक आणि वर्धेच्या पश्चिमेचे वऱ्हाड सोडावे लागले. प्रदेशाबरोबर महसूलही गेला. तरीही तैनाती फौज त्यांनी अखेरपर्यंत स्वीकारली नाही.

४/ दुसरे कारण घरातले. मार्च १८१६ मध्ये रघुजी वारले. पुत्र परसोजी राज्य चालवण्यास असमर्थ. कारभार कोणी पाहायचा यावरून वाड्यात दोन तट पडले. चुलतभाऊ अप्पासाहेबांना आधार हवा होता आणि कंपनीला करार. मे १८१६ मध्ये तैनाती फौजेचा तह झाला. फौजेचा वार्षिक खर्च साडेसात लाख रुपये!

५/ फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजी मृतावस्थेत आढळले आणि अप्पासाहेब गादीवर आले. आता प्रतिस्पर्धी उरला नव्हता. उरली होती ती परकी फौज आणि तिचा खर्च. ज्या आधाराने सत्ता मिळाली, तोच आता जाचू लागला.

६/ तिसरे कारण नागपूरबाहेरचे. जून १८१७ च्या पुणे तहाने बाजीरावांना मराठा मंडळाचे प्रमुखपद सोडावे लागले. पेंढाऱ्यांच्या निमित्ताने कंपनीने लाखाहून अधिक सैन्य मैदानात उतरवले. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई पेटली.

७/ २४ नोव्हेंबरला अप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेली वस्त्रे, जरीपटका आणि सेनापती हा किताब जाहीरपणे स्वीकारला. रेसिडेंट जेंकिन्सने विरोध केला. दोन दिवसांत तोफा धडाडल्या. वस्त्रे हे निमित्त होते, कारण नव्हे. हा भेद विसरू नये.

८/ आता पुन्हा आंबागडाकडे या. हा मुलूख भोसल्यांकडे कसा आला? देवगडच्या गोंड राजघराण्यात वारसाचा तंटा उद्भवला. राणी रतनकुंवरने पहिल्या रघुजींना मदतीस बोलावले. मदतीस आलेले रघुजी काही वर्षांत राज्याचे खरे धनी झाले आणि गोंड राजा नावापुरता उरला.

९/ १८१६ मध्ये तोच डाव फिरला. या वेळी भाऊबंदकी भोसल्यांची होती आणि मदतनीस इंग्रज. अप्पासाहेब पदच्युत झाले, कैदेतून निसटले आणि १८४० मध्ये जोधपुरात वारले. नागपूरच्या गादीवर लहानग्या तिसऱ्या रघुजींना बसवून कारभार जेंकिन्सने हाती घेतला.

१०/ म्हणून युद्धाचे कारण शोधताना पहिली तोफ कोणी डागली एवढेच विचारू नका. घरच्या भांडणात बाहेरच्याला प्रथम कोणी बोलावले, आणि त्या मदतीची किंमत कोणी भरली, हेही विचारा. आंबागडाने हा प्रश्न शंभर वर्षांच्या आत दोनदा पाहिला आहे.